भाव पाडून बुडवायला निघालेल्या इंग्रज कंपनीपुढे टिकून राहिले सोलापूरचे वालचंद

आजरा : गावातल्या किराणा दुकानात काचेच्या बरणीत रावळगावच्या गोळ्या असायच्या. आजरा-गडहिंग्लजकडची हुशार पोरं इंजिनिअरिंगला सांगलीच्या वालचंद कॉलेजला जायची, अजूनही जातात. मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेल्यांनी काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत कधी ना कधी पाय ठेवलेलाच असतो. या तिन्हींशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे. वालचंद हिराचंद दोशी. नाव बऱ्याच जणांच्या कानावर असतं, माणूस मात्र फारसा माहीत नसतो.

५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आणि ८ एप्रिल ही वालचंदांची पुण्यतिथी. तीन दिवसांच्या अंतरानं येणाऱ्या या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध आहे. साखर कारखाना, मोटारी, विमानं असं बरंच काही त्यांनी उभं केलं. पण धंदेवाला माणूस म्हणून त्यांची खरी कसोटी लागली ती पाण्यावर.

नवीन माणसानं धंदा टाकला की जुन्या दुकानदाराच्या पोटात दुखतं. तो भाव पाडतो, गिऱ्हाईकाचे कान भरतो, माल पुरवणाऱ्याला सांगतो की त्याला दिलास तर मी तुझ्याकडून घेणार नाही. आजऱ्याच्या बाजारपेठेत काय आणि मुंबईच्या काय, हे चालतंच. वालचंदांच्या नशिबी आलेला जुना दुकानदार मात्र साधासुधा नव्हता. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर त्याचंच राज्य होतं आणि दिल्लीत बसलेलं सरकारही त्याच्याच देशाचं होतं.

रेल्वेच्या ठेक्यापासून सुरुवात

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, गुजराती बोलणारं, दिगंबर जैन. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. आई त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. शिक्षण सोलापूर, मुंबई, पुणे असं झालं, पण पदवी काही पुरी झाली नाही. वाडवडिलांच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमेना.

लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरले होते. वालचंदांनी त्यांच्याशी भागीदारी केली. फाटकांना काम कळत होतं, वालचंदांकडे भांडवल होतं आणि पत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या कामानं सुरुवात झाली, मग मोठमोठे ठेके मिळत गेले. पुढे भोर घाटातले बोगदेही वालचंदांच्या कंपनीनं खोदले. इंग्रज अधिकाऱ्यांशी कसं बोलायचं, निविदा कशी भरायची, हजारो मजुरांचा पगार वेळेवर कसा करायचा, हे सगळं ते या कामात शिकले. जहाजाचं मात्र त्यांना काहीही कळत नव्हतं.

गाडीत कळली जहाजाची खबर

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. दिल्लीकडून मुंबईला येताना गाडीत एका ओळखीच्या इंग्रजाकडून वालचंदांना कळलं की ग्वाल्हेरच्या महाराजांचं एक जहाज विकायचं आहे, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. जहाजाचं नाव 'लॉयल्टी'. १८९१ साली बांधलेलं हे जहाज आधी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावानं कॅनडाच्या कंपनीकडे होतं. युद्धात महाराज माधवराव शिंद्यांनी ते घेऊन जखमी सैनिकांसाठी दवाखान्याचं जहाज केलं होतं.

मुंबईत उतरल्यावर वालचंदांनी माणसं जमवली. सोलापूरच्या जुन्या गिरणीशी संबंध असलेले नरोत्तम मोरारजी, कापसाचे मोठे व्यापारी किलाचंद देवचंद आणि सहकार व बँकेच्या क्षेत्रात मान असलेले लल्लूभाई सामळदास. २७ मार्च १९१९ ला कंपनी नोंदली गेली. महाराजांच्या घराण्यावरून नाव ठेवलं, सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. अधिकृत भांडवल साडेचार कोटी रुपये. त्या काळातले साडेचार कोटी, हे ध्यानात घ्या.

लगेच ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. दुसऱ्याच दिवशी रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ होता. हिंदी मालकीचं जहाज विलायतेला निघालं म्हणून लोकांना कोण कौतुक! पण कौतुकानं बॉयलरमधला कोळसा पेटत नाही. जहाज जुनं, खर्चिक आणि धंद्याच्या हिशेबात तोट्याचं ठरलं. अवघ्या चार वर्षांत, १९२३ मध्ये, ते मुंबईतच मोडीत निघालं. पहिलीच खरेदी फसली म्हणायला हरकत नाही. बरं झालं ते एवढंच, की वालचंद आणि मंडळींनी सगळा डाव त्या एका जहाजावर लावला नव्हता. इंग्लंडमधून सहा मालवाहू जहाजंही त्यांनी घेतली आणि ती किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीला लावली. रंगूनचा तांदूळ मुंबईला आणणं हे त्यातलं मोठं काम.

इथंच ते जुन्या दुकानदाराच्या डोळ्यांवर आले.

आधी दोघं बुडाले होते

या दुकानदाराचं नाव ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, थोडक्यात बी. आय. कंपनीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप. हा माणूसही काही जन्मानं लॉर्ड नव्हता. स्कॉटलंडचा हा पोरगा १८७४ साली कलकत्त्याला मॅकिनन मॅकेंझीच्या पेढीवर कारकून म्हणून आला आणि चढत चढत मालक झाला. १९१४ मध्ये पी अँड ओ ही दुसरी बडी कंपनीही बी. आय.शी एक झाली आणि दोन्हींची सूत्रं त्यांच्याकडे आली. सरकारी टपालाचा ठेका त्यांच्याकडे, बंदरातले एजंट त्यांचे, विमा कंपन्यांत ओळखी त्यांच्या.

त्यांच्या वाटेला जाणाऱ्यांचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. जमशेटजी टाटांनी १८९० नंतरच्या काळात जपानी कंपनीच्या साथीनं चीन-जपानकडे सुताची वाहतूक सुरू केली. त्यांनी बारा रुपये भाडं लावलं, तर पी अँड ओ थेट दीड रुपयावर आली. आधी टाटांच्या पाठीशी उभं राहू म्हणणारे व्यापारी एकेक करून तिकडे गेले. टाटांना ती जहाजं बंद करावी लागली.

तमिळनाडूतल्या तुतिकोरीनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिल्लेंचं तर फारच वाईट झालं. १९०६ साली त्यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून तुतिकोरीन ते कोलंबो बोटी सुरू केल्या. बी. आय.नं तिकीट पाडलं, मग फुकट नेऊ लागली आणि वर उतारूंना छत्री भेट दिली, असं सांगतात. तरी लोक हटेनात. तेव्हा १९०८ मध्ये सरकारनं पिल्लेंना राजद्रोहाखाली आत टाकलं. तुरुंगात त्यांना बैलाच्या जागी घाण्याला जुंपलं. ते १९१२ अखेर सुटले तेव्हा कंपनी उरलीच नव्हती.

म्हणजे वालचंदांच्या पुढ्यात दोन उदाहरणं होती. एक पैशाच्या जोरावर हरवलेला, दुसरा सरकारच्या.

भाव पाडायचा खेळ कसा चालतो

आजरा-गडहिंग्लज रस्त्यावरचं वडाप डोळ्यांपुढे आणा. एकाच माणसाच्या वीस जीप धावतात आणि त्यात एका पोरानं कर्ज काढून एक जीप आणली. वीस जीपवाला काय करील? पोराची जीप ज्या वेळेला सुटते त्याच वेळेला आपली एक जीप अर्ध्या भाड्यात सोडील. त्याचा तोटा एका जीपचा, बाकी एकोणीस कमावतात. पोराचा तोटा मात्र सगळ्या धंद्याचा आणि बँकेचा हप्ता डोक्यावर. बी. आय.नं सिंधियाशी हेच केलं. सिंधियाची बोट ज्या मार्गावर, त्या मार्गावर भाडं खाली.

दुसरा फास याहून वाईट होता, कारण तो दिसत नव्हता. बड्या कंपन्या व्यापाऱ्याकडून पूर्ण भाडं घ्यायच्या आणि त्यातला साधारण दहावा हिस्सा आपल्याकडे ठेवून घ्यायच्या. काही महिन्यांनी तो परत मिळायचा, पण अट अशी की मधल्या काळात एकही पोतं दुसऱ्या कंपनीच्या जहाजातून गेलेलं नसावं. गेलं तर साठलेली सगळी सूट बुडाली. खताच्या दुकानदारानं सांगावं की वर्षभर माझ्याकडूनच पोती नेलीस तर दिवाळीला इतके परत देईन, एक पोतं जरी दुसरीकडून आणलंस तर काही नाही, तसलाच प्रकार. एकदा पैसे अडकले की शेतकरी हलतो कुठं? सिंधियाचं भाडं कितीही रास्त असो, व्यापारी मनात असूनही माल देईना.

सिंधिया या दोन्हींत मेली नाही, याचं एक कारण कागदावर दिसतं. साडेचार कोटींचं भांडवल. दुसरं कारण म्हणजे संचालक मंडळात बसलेले लोक स्वतःच मोठे व्यापारी आणि गिरणीवाले होते. त्यांच्या शब्दावर माल फिरू शकत होता. टाटांना इतर व्यापाऱ्यांनी ऐनवेळी सोडलं होतं. वालचंदांनी व्यापारीच भागीदार करून घेतले. हा हिशेब पहिल्या दिवसापासून मनात होता की जमून गेलं, सांगणं अवघड आहे, पण टाटांची गोष्ट मुंबईच्या बाजारात कुणी विसरलेलं नव्हतं.

विकत घेण्याचा निरोप

तीन-चार वर्षं अशी गेली. तोटा चढत होता आणि भागधारक कुरकुरत होते. १९२२-२३ च्या हिवाळ्यात लॉर्ड इंचकेप सरकारी खर्चात काटकसर सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून हिंदुस्थानात आले. ज्याच्याशी धंद्यात भांडण आहे तोच माणूस सरकारचा हिशेब तपासायला बसलेला. यावरून दोन्ही बाजूंच्या वजनातला फरक कळावा.

इंचकेपनी सिंधिया विकत मागितली. किंमतही कमी देऊ केली नव्हती. भागधारकांचे पैसे सुटले असते, संचालकांची झोप परत आली असती. वालचंदांचे ठेक्याचे धंदे जोरात होते, त्यांचं काहीही अडत नव्हतं. बाजारातल्या शंभरातल्या नव्वद जणांनी विकून टाकली असती आणि त्यांना कुणी नावंही ठेवली नसती.

त्यांनी विकली नाही.

पण पुढचं पाऊलही नीट बघायला हवं, कारण गौरवाच्या भाषणात ते सहसा गाळलं जातं. वालचंद आणि त्यांचे सहकारी लढून जिंकले असं झालं नाही. १९२३ मध्ये त्यांनी बी. आय.शी दहा वर्षांचा करार केला. त्यात सिंधियाची जहाजं एकूण ७५ हजार टनांच्या वर न्यायची नाहीत असं ठरलं. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन एवढ्याच किनाऱ्यावर माल न्यायचा. परदेशी जायचं नाही आणि उतारूही घ्यायचे नाहीत. ज्या कंपनीनं विलायतेला उतारू नेऊन सुरुवात केली, तिनंच विलायतेवर आणि उतारूंवर पाणी सोडलं. बदल्यात भाड्याचं युद्ध थांबलं आणि सिंधियाला ठरल्या भाड्यात सुखानं माल नेता येऊ लागला.

हा करार नामुष्कीचा होता. वालचंदांना तो शेवटपर्यंत सलत राहिला. तरी त्या घडीला दुसरा रस्ता होता का? इरेला पेटून आणखी दोन वर्षं तोट्यात जहाजं चालवली असती तर टाटांसारखं गाशा गुंडाळणं आलं असतं. विकली असती तर प्रश्नच मिटला. बांधलेल्या हातांनी का होईना, पण धंदा आपल्या नावावर जिवंत ठेवायचा, हे त्यांनी निवडलं. मानी माणसाला हे तिन्हींतलं सगळ्यात कठीण असतं. हरलो असं लोक म्हणतात आणि रोज सकाळी तरीही दुकान उघडावं लागतं.

दहा वर्षं हातावर हात ठेवून बसले नाहीत

करारानं जहाजं बांधली गेली, तोंड बांधलं गेलं नव्हतं. किनाऱ्यावरची वाहतूक देशाच्याच जहाजांना राखून ठेवा, ही मागणी मग जोरानं पुढे आली. सरकारनं नेमलेल्या समितीनंही १९२४ च्या अहवालात तसं सुचवलं. १९२८ मध्ये सिंधियाशी संबंधित असलेले साराभाई नेमचंद हाजी यांनी कायदेमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवणारं विधेयक आणलं. अडकवून ठेवलेल्या सुटीच्या पद्धतीविरुद्धही त्यांनी विधेयक मांडलं. इंग्रज सरकारच्या राज्यात ही विधेयकं काही पार पडली नाहीत. पण जो फास व्यापाऱ्यांच्या कुजबुजीत होता तो दिल्लीच्या सभागृहात आणि वर्तमानपत्रांत आला. समितीच्या शिफारशीतून एक गोष्ट मात्र पदरात पडली. हिंदी मुलांना जहाजावरचे अधिकारी व्हायला शिकवणारं 'डफरिन' हे जहाज १९२७ मध्ये मुंबईत सुरू झालं. तोपर्यंत आपल्या कंपनीच्या जहाजावर कप्तान ठेवायचा तर तो बहुधा गोराच असायचा.

त्याच १९२७ मध्ये महाराष्ट्रातल्या व्यापारी-उद्योजकांची संघटना, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, उभी राहिली. तिच्या स्थापनेत वालचंद पुढे होते आणि पहिले अध्यक्षही तेच झाले. एकट्या व्यापाऱ्याला बडी कंपनी केव्हाही दाबते, हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिलं होतं.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी मोटार अपघातात गेले आणि सिंधियाची धुरा वालचंदांकडे आली. कराराची मुदत संपत आल्यावर पुन्हा बोलणी झाली. या खेपेला सिंधिया मरायला टेकलेली नव्हती. नव्या करारात जहाजांची मर्यादा वाढली आणि बंधनं सैल झाली. १९३७ मध्ये 'एल मदिना' हे नवं जहाज आणून सिंधियानं हजच्या प्रवासात पाऊल टाकलं. तिथं आधीपासून इंग्रजांच्या ताब्यातली मोगल लाइन होती. पुन्हा तोच खेळ, भाडी धडाधड खाली. पण आता समोरची कंपनी अठरा वर्षांची जुनी होती.

याला दुसरी बाजूही आहे. मधल्या काळात किनाऱ्यावर आणखी लहान हिंदी कंपन्या निघाल्या होत्या आणि त्यांची तक्रार अशी की सिंधियाच आता बड्यांच्या मांडीला मांडी लावून बसली आहे, ठरवून बांधलेल्या भाड्यात तीही सामील आहे. तक्रार खोटी नव्हती. यातल्या काही कंपन्या पुढे सिंधियातच विरघळल्या, जशी चितगावकडची बंगाल-बर्मा कंपनी. कोकण किनाऱ्यावर मुंबई, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशा बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनही १९३९ मध्ये सिंधियाच्या हाती आली. आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला बोट धरणाऱ्या उतारूसाठी मालक बदलला, एवढंच. वालचंद लहान होते तेव्हा त्यांना जे टोचलं, ते ते मोठे झाल्यावर दुसऱ्यांना टोचलं. हेही त्यांच्या चरित्राचा भाग आहे, झाकायचं कारण नाही.

ऊस, विमान, मोटार

जहाजांच्या भांडणात दिवस जात असतानाच जमिनीवरची कामं वाढत होती. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला माळरान घेऊन त्यांनी शेती सुरू केली आणि १९३३ मध्ये साखर कारखान्याची कंपनी काढली. गोळ्या-चॉकलेटं १९४२ पासूनची. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ उसाचा दुसरा मोठा पसारा उभा राहिला, तेच आजचं वालचंदनगर. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या मदतीनं बंगळूरला विमान कारखाना सुरू झाला. युद्धाच्या गडबडीत १९४२ मध्ये सरकारनं तो ताब्यात घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच. १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स.

जहाजं विकत आणण्यापेक्षा इथंच बांधावीत, ही इच्छा फार जुनी. कलकत्त्याला जागा मागितली, धड जागा मिळेना. मुंबईतही जमलं नाही. शेवटी विशाखापट्टणमला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाज कारखान्याची पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपान्यांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि काम लांबलं. १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' हे आठ हजार टनी जहाज पाण्यात उतरलं. १९५२ मध्ये हा कारखानाही सरकारकडे गेला.

किनारी वाहतूक देशी जहाजांना राखून ठेवण्याची मागणी स्वातंत्र्यानंतर मान्य झाली. ते बघायला वालचंद होते, पण तोवर तब्येतीनं दगा दिला होता. १९४९ मध्ये अर्धांगाचा झटका आला, पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. पत्नी कस्तुरबाईंनी शेवटपर्यंत त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला ते गेले. लॉर्ड इंचकेप त्याआधी १९३२ मध्येच वारले होते.

आज बी. आय.ची जहाजं नाहीत आणि सिंधियाचीही नाहीत. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला गेलं तर सिंधिया हाऊसची इमारत दिसते. समोरच्या रस्त्याला नरोत्तम मोरारजींचं नाव आहे. तिथून थोडं पुढं चालत गेलं की बी. आय.चा कारभार पाहणाऱ्या मॅकिनन मॅकेंझीची जुनी दगडी इमारतही उभी आहे.